पीसी साफ ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर विकत घ्यावं?

तुमचा सहा वर्षं जुना, ४ जीबी रॅमचा पीसी रडतखडत चालतोय, म्हणून कुठलं क्लीनर घ्यावं असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: विकत काहीही घेऊ नका.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात बिलिंगचे आणि डिझाइनचे पीसी बघतो. २०१९ साली मीही असंच वर्षाचं पॅकेज घेतलं होतं. स्कॅन केलं की लाल अक्षरांत हजारावर 'एरर' दिसायचे. एकदा सगळे दुरुस्त करा म्हणून बटण दाबलं आणि दुसऱ्या दिवशी बिलिंग उघडेना. ऐन दिवाळीचा माल, गाडी दारात उभी आणि बिलं अडकलेली. शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागलं. ते एरर म्हणजे रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतं तिथल्या, जुन्या नोंदी होत्या. त्या पडून राहिल्या म्हणून पीसी हळू होत नाही. रजिस्ट्री क्लीनरला खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. डिस्कचा आकडा सारखा १०० टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. मेमरी भरलेली असेल तर रॅम ८ जीबी करा. स्टार्टअपच्या टॅबमध्ये नको ते प्रोग्रॅम बंद करा, ह्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. कचऱ्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज सेन्स आहेच. तिथून टेम्पररी फाइली काढताना 'डाउनलोड्स'वर टिक नाही ना, एवढं नीट बघा. आमच्या एका मुलाने पार्टीने पाठवलेली डिझाइनं अशीच घालवली होती.

आणि कृपा करून कॅबिनेट उघडा. आमच्याकडे यंत्रमागाचा कापूस हवेत उडतो. प्रोसेसरचा पंखा सोडवला की खालच्या पट्ट्यांवर त्याचा थर बसलेला असतो, नखाने धरून ओढला तर चिंधीसारखा अख्खा निघतो. हवा आत जात नाही, प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. मे महिन्यात पारा ४२च्या वर गेला की माझ्याकडच्या निम्म्या तक्रारी ह्याच असतात. पीसी बंद करून, वायर काढून ब्लोअर मारा. मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

एवढं करूनही क्लीनर हवाच असेल तर ब्लीचबिट घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो. ब्राउझरच्या पासवर्डवर मात्र टिक करू नका. मायक्रोसॉफ्टचा पीसी मॅनेजरही फुकट मिळतो. काहीही घ्या, पण बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. तरी डोळे उघडे ठेवा: २०१७ मध्ये सीक्लीनर ह्या नावाजलेल्या क्लीनरच्या ५.३३ ह्या अधिकृत आवृत्तीतच व्हायरस घुसवला गेला होता आणि ती वीस लाखांवर पीसींत पोचली होती. म्हणून असे प्रोग्रॅम जितके कमी तितकं बरं. अँटिव्हायरस म्हणून विंडोजचा डिफेंडर पुरतो.

टास्क मॅनेजरमध्ये कुठला आकडा १०० ला टेकतोय ते कळवा, मग एसएसडी आधी की रॅम आधी ते सांगतो.