पुण्यात रोज बाईक चालवणाऱ्याने स्मार्ट हेल्मेट घ्यावं का?

कोथरूड ते हिंजवडी रोज बाईकने जाता, आणि ब्लूटूथ, मागचा कॅमेरा, अपघात झाला तर घरी मेसेज अशी सोय असलेलं हेल्मेट घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. ज्या शहरात हेल्मेटसक्तीविरोधात कृती समिती निघते, तिथे हा प्रश्न वाचूनच बरं वाटलं! पण माझं मत, घेऊ नका. त्या पैशात चांगलं साधं फुल-फेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं हेल्मेट घ्या. गाणी, नकाशा हवाच असेल तर इंटरकॉम, म्हणजे हेल्मेटला बाहेरून बसवायचं ब्लूटूथचं यंत्र, वेगळा लावा.

कारण सांगतो. डोकं वाचतं ते आतल्या थर्माकोलच्या जाड थरामुळे. आपटल्यावर तो चेपतो आणि धक्का स्वतःवर घेतो, पण एकदा चेपला की परत फुगत नाही. बाहेर ओरखडाही दिसत नसेल, तरी ते हेल्मेट बाद. न पडताही पाचेक वर्षांत बदला, असं बहुतेक कंपन्या सांगतात. बॅटरी त्याच्या आधीच मान टाकते. दोन्ही एकाच कवचात असली की एकापायी दुसरंही भंगारात जातं. वेगळा इंटरकॉम मात्र काढून नव्या हेल्मेटला लावता येतो. योग्य हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे आकडे साध्या हेल्मेटचेच आहेत.

काचेवर नकाशा दाखवणाऱ्या हेल्मेटची हवा जुनी आहे. अमेरिकेतल्या स्कली कंपनीने २०१४ मध्ये लोकांकडून आगाऊ सुमारे २४ लाख डॉलर जमवले आणि २०१६ मध्ये शटर ओढलं. पैसे भरलेल्या बहुतेकांच्या हाती हेल्मेट आलंच नाही. मागच्या कॅमेऱ्याचं म्हणाल, तर आपल्याकडे निम्मे लोक गाडीचे आरसेच आत वळवून चालवतात. आधी ते उघडू.

अपघाताचा मेसेज ऐकायला छान वाटतो, पण तो जातो तुमच्या फोनच्या नेटवर्कवरून. चांदणी चौकात पडलात तर मिनिटभरात माणसं गोळा होतील. ताम्हिणी घाटात, जिथे त्याची खरी गरज, तिथे बऱ्याच वळणांवर रेंजच नसते.

इंटरकॉमचा उपयोग मात्र मान्य. रस्ता कानात ऐकू आला की फोनकडे बघावं लागत नाही, आणि घाटात मागच्याशी ओरडून बोलावं लागत नाही. ऑफिसचे कॉल तेवढे घेऊ नका. हात मोकळे राहिले तरी लक्ष मीटिंगमध्येच असतं, आणि नवले पुलाच्या उतारावर ते परवडत नाही.

घेताना आयएसआय मार्क बघाच, कायद्याने तो लागतोच. फूटपाथवरच्या हेल्मेटवरच्या स्टिकरवर जाऊ नका. जमलं तर सोबत ईसीई २२.०६ हे युरोपातलं हेल्मेटचं मानक असलेलं घ्या. त्या चाचणीत तिरक्या धडकेने डोकं किती गरगरतं तेही तपासतात. कानापाशी स्पीकरसाठी खोबण आहे का बघा, नाहीतर तासाभरात कान ठणकतो. पावसाळ्यासाठी काचेला पिनलॉक, म्हणजे वाफ धरू न देणारी आतली पारदर्शक पट्टी, बसतो का विचारा. काचेवर वाफ धरण्याचा त्रास त्याने जितका कमी होतो तितका कुठल्याही ब्लूटूथने होत नाही.

आणि रुमाल किंवा स्कार्फ बांधून चालवत असाल, तर दुकानात तो बांधूनच माप घ्या.