तडजोडी झाल्या, तरी युद्ध का पेटलं?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी अमेरिकेचा इतिहास वाचते आहे. गुलामगिरीवरून १८२० आणि १८५० मध्ये तडजोडी झाल्या, तरी १८६१ ला यादवी युद्ध पेटलंच. तडजोडी कुठे कमी पडल्या? आणि त्या युद्धामुळे खान्देशच्या कापसाला भाव आला, हे खरं का?
– एक विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : बेटा, अमळनेरला मी वर्षानुवर्षं हा धडा शिकवला. माझं मत स्पष्ट आहे. आग घरोघरी नेली ती १८५० च्या तडजोडीनेच.

१८२० च्या तडजोडीने मिसुरी गुलामगिरीसह आणि मेन तिच्याविना राज्य झालं. पश्चिमेच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांवर रेघ मारली. तिच्या वर गुलामगिरी नाही. भाऊबंदकीत पंचांनी बांध घालून द्यावा, तसं. ज्यांच्या जन्माची ही वाटणी चालली होती, त्यांना कुणी विचारलं नाही.

पुढे मेक्सिकोकडून नवा मुलूख आला आणि भांडण पुन्हा उकरलं गेलं. १८५० ला कॅलिफोर्निया मुक्त राज्य झालं, बदल्यात गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी पळून गेलेल्या गुलामांना धरून आणण्याचा कडक कायदा पदरात पाडून घेतला. त्यातली कलमं नीट वाच. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष द्यायची मुभा नाही. निकाल देणाऱ्या आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केलं तर फी दहा डॉलर, सोडलं तर पाच! हे वर्गात सांगताना माझा आवाज दरवेळी चढायचा. त्याला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. तोवर उत्तरेतल्या पुष्कळ लोकांना गुलामगिरी म्हणजे लांबची गोष्ट वाटायची. मे १८५४ मध्ये उत्तरेतल्या बॉस्टनला अँथनी बर्न्स हा पळून आलेला गुलाम पकडला गेला. त्याला सैन्याच्या पहाऱ्यात भर रस्त्यातून जहाजावर नेलं, तेव्हा दुकानांवर काळी कापडं टांगली होती.

त्याच आठवड्यात कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही झाली. गुलामगिरी हवी की नको, हे तिथल्या वसाहतवाल्यांनीच मतदानाने ठरवावं, असा सिनेटर स्टीफन डग्लसचा तोडगा. १८२० चा बांध नांगरून टाकला. दोन्हीकडचे लोक हत्यारं घेऊन कॅन्ससमध्ये घुसले, मुडदे पडले. १८५७ ला ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, या मुलखांत गुलामगिरी रोखायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नाहीच. आता तडजोड करायची तरी कशाच्या जोरावर?

कापसाचं ऐकलंस ते खरं आहे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि मुंबईहून जाणाऱ्या मालाचा भाव भडकला. खान्देशात कपाशी वाढली, जळगावची पेठ त्याच दिवसांत गजबजली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव गडगडले, मुंबईत पेढ्या बुडाल्या.

एक गोष्ट उत्तरपत्रिकेत जरूर लिही. फेब्रुवारी-मार्च १८६१ मध्ये शेवटची तडजोड म्हणून दोन्ही सभागृहांनी एक घटनादुरुस्ती मंजूर केली होती : राज्यांतल्या गुलामगिरीला काँग्रेसने कधीच हात लावायचा नाही. नवा राष्ट्राध्यक्ष लिंकननेही शपथविधीच्या भाषणात तिला हरकत घेतली नाही. दक्षिणेचं तेवढ्यानेही भागलं नाही. एप्रिलमध्ये दक्षिणेने फोर्ट सम्टर या सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्या, युद्ध पेटलं आणि ती दुरुस्ती पुरेशा राज्यांच्या संमतीअभावी तशीच पडून राहिली. डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी दुरुस्ती म्हणून घटनेत आली, ती गुलामगिरीच रद्द करणारी.