एका दिवसात रत्नागिरी

प्रश्न : माझ्या मावससासूबाई सत्तरीच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघे माझ्याहून दणकट. डिसेंबरात त्यांना रत्नागिरी बघायची होती. भाचेबुवांना (म्हणजे माझ्या नवऱ्याला) ऐनवेळी ऑफिसचं काम निघालं आणि सोबतीला मी गेले. पहाटे कोकणकन्येतून उतरलो, तर मावशींनी वही काढली. वहीत तासिका आखलेल्या! पहिली तासिका रत्नदुर्ग. भगवतीचं दर्शन झालं, मला वाटलं आता चहा. पण किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा असल्याने तटावरून पूर्ण फेरी झालीच पाहिजे, कारण "अर्ध्या नालेला नाल म्हणत नाहीत." मग मिरकरवाडा बंदरावर सुरमईचा भाव केला. घ्यायची नव्हती, नुसता केला. टिळकांच्या जन्मस्थानी एकूण एक पाटी मोठ्याने वाचली. पतितपावन मंदिर, थिबा राजवाडा, आणि जेवण म्हणाल तर उभ्याउभ्या वडापाव नि कोकम सरबत. शेवटी रिक्षावालाच म्हणाला, "आजी, थिबा पॉइंट काय पळून जात नाय." मांडवीच्या सूर्यास्ताला मी जेटीवर बसल्या बसल्या झोपले. आता मार्चमध्ये "राहिलेलं" म्हणजे गणपतीपुळे, मालगुंड, आरेवारे आणि पावस एका दिवसात उरकायचं ठरलंय. नाही म्हणायची सोय नाही. काय करू?
— एक दमलेली सूनबाई, डोंबिवली

उत्तर : सूनबाई, तुमचं पत्र वाचून माझ्याच पोटऱ्या दुखायला लागल्या. मी माळनाक्याजवळ राहते. थिबा राजवाडा एकदा शाळेच्या सहलीत पाहिला, त्यानंतर जेवढ्या वेळा पाहिला तो पाहुण्यांच्या मागून चालत. त्यामुळे अनुभवाने सांगते, हे गाव एका दिवसाचं नाहीच. इंग्रजांना ते बरोबर कळलं होतं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला त्यांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं, राजवाडा बांधून मिळाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये बिचारा इथेच वारला. सावरकरांना १९२४ ते १९३७ जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायची बंदी होती; त्याच काळात, १९३१ मध्ये, भागोजीशेठ कीरांच्या पैशातून पतितपावन उभं राहिलं. सरकारने माणसं वर्षानुवर्षं डांबून ठेवली ते गाव तुमच्या मावशी संध्याकाळच्या आत आटोपतात म्हणजे कमालच! टिळकांनीसुद्धा गाव सोडायला दहा वर्षं घेतली.

आता कामाचं. पावस वहीतून खोडा. गणपतीपुळे शहराच्या उत्तरेला, पावस दक्षिणेला. दोन्ही एका दिवसात म्हणजे गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नुसती गाडी पळवणं. मावशींना "वेळ नाही" म्हणू नका, नकाशा दाखवा. मुख्याध्यापिका नकाशापुढे वाद घालत नाहीत.

सकाळी लवकर निघून आधी पुळ्याला जा. तिथे एक सापळा आहे, तो सांगून ठेवते. तिथला डोंगरच गणपतीचं रूप मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा देवळाला नव्हे, अख्ख्या डोंगराला घालायची असते. साधारण एक किलोमीटर. मावशी घालणारच. घालू द्या. पण तुम्हीही घातलीच पाहिजे असं कुठल्या शास्त्रात आहे? चपला सांभाळायला कुणीतरी लागतंच. समुद्रात मात्र दोघींनी घोट्याच्या वर जायचं नाही. तिथल्या पाण्याला ओढ फार, दरवर्षी पोहायला उतरलेले फसतात.

मालगुंड पुळ्याला लागूनच आहे, आणि तुमची खरी सुटका तिथे आहे. केशवसुत तिथे १८६६ मध्ये जन्मले. घर जपलंय, स्मारकही आहे. तिथे शिरल्या शिरल्या सावलीची जागा बघून बसा आणि विचारा, "मावशी, यांनी मराठी कवितेत असं नवीन काय केलं हो?" तास सुरू होईल. तुम्ही बसलेल्या, त्या बोलणाऱ्या, चालणं शून्य. टिळकांच्या जन्मस्थानी तुम्ही नुसत्या उभ्या राहून ऐकत होतात, तिथे पाय गेले तुमचे. शिक्षकाच्या तासाला विद्यार्थी बसलेला असतो, ही सवलत घ्यायला शिका.

जेवण घरगुती खानावळीत, पाटावर नाहीतर खुर्चीवर, पण बसून. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी फोन करून सांगावे लागतात, ऐनवेळी गेलात तर वासावर समाधान. आणि जेवणानंतरची तासिका आत्ताच, मावशींच्याच वहीत, शाईने लिहून टाका : 'वामकुक्षी, दोन तास.' मार्चमधलं आमचं दुपारचं ऊन आणि वर खाऱ्या हवेचा घाम, त्यात हिंडण्यासारखं काही नसतं. आंबेसुद्धा त्या वेळी पानाआड असतात. त्या कुरकुर करतील, पण वहीत आहे म्हटल्यावर पडतील. अशा बायका घोरतात आधी, बरं का.

आरेवारे परतीच्या वाटेवर ठेवा. वरच्या वळणावर गाडी थांबवली की दोन्ही किनारे एकदम दिसतात, खाली उतरून वाळू तुडवायचं काही कारण नाही. उतरायचंच म्हणाल्या तर परत चढायचंही आहे, एवढी आठवण करून द्या.

आणि या खेपेला पहिलं तिकीट भाचेबुवांचं काढा. ऑफिसचं काम निघेलच, म्हणून रजेचा अर्ज मावशींकडूनच लिहून घ्या.