ज्वारीच्या डब्यातलं पाखरू

प्रश्न : ज्वारीच्या डब्यात जाळी झाली आहे आणि ट्यूबलाइटभोवती भुरकट पाखरं फिरतात. एक पकडून मोजलं, मिटलेल्या पंखांसकट 9 मि.मी. भरलं. धान्यातल्या दोन पाखरांपैकी प्लोडिया लहान, असं वाचलं होतं, म्हणून वहीत 'प्लोडिया' लिहिलं. बरोबर आहे का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : वहीत लिहिलंत, शाबास! नाहीतर लोक ज्वारी उन्हात ओततात आणि विषय संपतो. पण मापावर जाऊ नका. दुसरं पाखरू, म्हणजे तांदळातलं कॉर्सायरा, त्याचा नर मादीहून लहान असतो आणि प्लोडियाच्या मापात सहज बसतो.

रंग बघा. ताज्या प्लोडियाचा डोक्याकडचा एक तृतीयांश पंख फिकट, मळक्या सायीसारखा. उरलेला तांबूस, न घासलेल्या घंगाळासारखा. (इंग्रजीत याला 'इंडियन मील मॉथ' म्हणतात. त्यातल्या 'इंडियन'ला भुलू नका, अमेरिकेत मक्याच्या पिठाला 'इंडियन मील' म्हणत.) कॉर्सायरा एकरंगी भुरकं, शिरा तेवढ्या जरा गडद. गोची अशी की तो तांबूस रंग खवल्यांचा. चिमटीत धरलंत की बोटाला पूड लागते, आणि रंग गेला! मी एका पावसाळ्यात झाकणावरून उचललेली तीन पाखरं 'कॉर्सायरा' म्हणून टाचली होती. पुढे भिंगाखाली एकाच्या पंखाच्या कडेला तांबूस खवले चिकटलेले दिसले. चिठ्ठी खोडावी लागली, तीही पेनानं लिहिलेली.

तेव्हा सगळी ज्वारी टाकू नका. दोन मुठी जाळीसकट काचेच्या बरणीत घ्या, तोंडाला मलमल बांधा. घरात कुरकुर होईल. बरणी गॅलरीत सावलीला ठेवा, फडताळात नको. महिना-दीड महिन्यात पाखरं निघतील. निघाल्या दिवशीच बरणी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि गारठलेलं पाखरू आलेखाच्या कागदावर ठेवून वरून आणि बाजूनं फोटो काढा. बाजूनं अशासाठी, की प्लोडियाच्या तोंडापुढे चोचीसारखं टोक असतं. ते नसेल तर तुमचं पाखरू कॉर्सायराचा नर. असेल तर पुन्हा रंगाकडे या, कारण कॉर्सायराच्या मादीलाही चोच असते.

नोंदीत नुसतं 'पुणे' नको. पेठ, तारीख, धान्य कोणतं आणि ते कुठल्या गावाहून आलं, तेही लिहा. पाखरू कदाचित पोत्यातूनच आलं असेल. तोवर वहीत 'प्लोडिया किंवा कॉर्सायरा, खवले झडलेलं' एवढंच राहू द्या. आणि कृपा करून पेन्सिलीनं.