झोंबी आले तर पोराच्या हातात काय द्यायचं?

भावा, झोंबींच्या खेळात घरच्यांसकट पन्हाळगडावर तग धरायचा तुझा प्लॅन वाचला. तटबंदी, पाणी, धान्य, सगळं झकास. पण 10 वर्षांच्या पुतण्याला पहिल्याच दिवशी ऊसतोडीचा कोयता? नवीन खेळाडू हमखास इथंच फसतात.

कोयत्याचा वार लागायला झोंबी हातभर अंतरावर यावा लागतो. तिथं मोठ्यांची पाचावर धारण बसते, पोराचं काय घेऊन बसलास! आपल्याकडं मर्दानी खेळात पोरं आधी लाठी शिकतात, पातं नंतर. तेच धर. त्याच्या उंचीएवढी बांबूची लाठी, झोंबीच्या छातीला लावून ढकलायची आणि मागं पळायचं. मारामारी त्याचं काम नव्हे.

सुरुवातीला एवढंच बघ:

- "थांब" म्हटल्यावर हात जागीच थांबतो का? वय नंतर. 14 वर्षांचं तापट पोरगं 9 वर्षांच्या शांत पोरीपेक्षा धोक्याचं.
- अंधारात दार वाजलं की बाहेर झोंबीच वाटतो. पाणी आणायला गेलेली आत्या असेल की! आधी हाक, मग काठी.
- रात्री हत्यारं मोठ्यांच्या ताब्यात. उशाखाली अजिबात नाही.

बंदूक पोरांच्या यादीतनं काढूनच टाक. दांडपट्टाही आत्ता नको. त्यात मनगट वळत नाही, गर्दीत आपलीच माणसं कापली जातील. ते पुढं कधीतरी सांगतो.

पुढच्या डावात पुतण्याला शिट्टी देऊन गडाच्या 'तीन दरवाजा' नावाच्या प्रवेशद्वाराजवळ तटावर बसव. कोयता वहिनीकडं दे.