डबा तोच, नाव नवं : बुरशीच्या नावांवर वाचकांचे प्रश्न

यंदाच्या टपालात बुरशीच बुरशी आहे. पावसाळाच आहे म्हणा, इंदुरात सध्या कपाटातल्या चपलांवरसुद्धा उगवतेय. पण प्रश्न सगळे एकाच गोष्टीवर फिरतायत, नावं का बदलली आणि आपण त्याचं काय करायचं. म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकाच विषयावर.

प्रश्न : सांवेरकडे शेत आहे, थोडी मिरचीही लावतो. पांढऱ्या माशीसाठी दर वर्षी व्हर्टिसिलियम लेकॅनी आणतो. यंदा छावनीतल्या दुकानातून आणलेल्या डब्यावर लेकॅनिसिलियम लेकॅनी लिहिलंय, आणि मुलानं मोबाइलवर शोधलं तर तिथे तिसरंच नाव, अकँथोमायसिस. दुकानदार म्हणतो "वही माल है साहब". खरं आहे का?

खरं आहे (हे लिहायची वेळ माझ्यावर फार वेळा येत नाही). काका, किडी मारणाऱ्या या बुरशीचं बारसं बरेच वेळा झालंय. १८९८ साली झिमरमननं जावामध्ये कॉफीवरच्या खवले किडीवर ती पाहिली आणि सेफॅलोस्पोरियम लेकॅनी म्हटलं, १९३९ मध्ये ती व्हर्टिसिलियममध्ये गेली, २००१ मध्ये झारे आणि गाम्स यांनी लेकॅनिसिलियममध्ये नेली, २०१७ मध्ये अकँथोमायसिस. यातलं २००१चं स्थलांतर डीएनए बघून झालं, कारण व्हर्टिसिलियम नावाखाली कीटक मारणाऱ्या आणि झाडं मारणाऱ्या बुरश्या एकत्र कोंबल्या होत्या, ते चुकीचंच होतं. २०१७चं मात्र नामकरणाचा नियम बदलला म्हणून शक्य झालं, त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

आता दुकानदार जे सांगत नाही ते. २००१ साली नुसतं नाव बदललं नाही, जुन्या व्हर्टिसिलियम लेकॅनीचे तुकडेही पडले. युरोपात व्हर्टालेक आणि मायकोटाल अशी दोन उत्पादनं होती, एक माव्यासाठी, दुसरं पांढऱ्या माशीसाठी, आणि दोन्ही व्हर्टिसिलियम लेकॅनी म्हणूनच ओळखली जायची. तपासल्यावर निघालं की पहिलं लेकॅनिसिलियम लॉन्जिस्पोरम आहे आणि दुसरं लेकॅनिसिलियम मस्कॅरियम, म्हणजे दोन वेगळ्या प्रजाती. म्हणजे एक कीड याने मरते आणि दुसरी त्याने, हा फरक बुरशीतच होता, जुन्या नावानं तो झाकून टाकला होता. म्हणून डबा घेताना पुढचं मोठं नाव सोडा आणि बारीक अक्षरात स्ट्रेन (त्या बुरशीचं नेमकं वाण) किंवा अ‍ॅक्सेशन (संग्रहातल्या नोंदीचा) नंबर दिलाय का ते बघा. एमटीसीसी, आयटीसीसी, एनएफसीसीआय अशा संग्रहांच्या अक्षरांनी तो सुरू होतो, शेवटचा म्हणजे पुण्याच्या आघारकर संस्थेतला बुरशी संग्रह. नाव दहा वेळा बदलो, हा नंबर त्या एका कल्चरलाच चिकटून राहतो.

आणि जुनं नाव दिसलं म्हणून डबा खोटा समजू नका. आपल्याकडे कीटकनाशक कायदा १९६८चा, ज्या नावानं नोंदणी झाली तेच नाव लेबलवर चालत राहतं, नामकरणाचे कागद त्याच्या पुष्कळ पुढे गेलेले असतात. बनवल्याची तारीख बघा, डबा उन्हात ठेवलेला नसावा, फवारणी संध्याकाळी करा आणि त्याच पंपात मॅन्कोझेब-बिन्कोझेबसारखं बुरशीनाशक मिसळू नका, तुम्ही स्वतःच ती बुरशी मारताय.

प्रश्न : सर, मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. व्हायव्हात "एक बुरशी एक नाव" कधीपासून असं विचारलं, मी २०११ म्हटलं, मैत्रिणीनं २०१३. मार्क दोघींना कमीच. आणि हायपोक्रिया जाऊन ट्रायकोडर्माच का राहिलं?

अगं दोघी बरोबर आहात, निर्णय जुलै २०११ मध्ये मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये झाला आणि १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला. हे परीक्षकांना दाखव हवं तर, मार्क मिळतील याची गॅरंटी मी घेत नाही.

त्याआधी नामकरणाच्या नियमावलीत कलम ५९ होतं. बुरशीचं लैंगिक रूप एक, अलैंगिक रूप दुसरं, दोघांना वेगवेगळी नावं ठेवायची मुभा, आणि अख्ख्या बुरशीसाठी लैंगिक रूपाचं नाव वरचढ. सूक्ष्मदर्शकाच्या काळात ते समजण्यासारखं होतं कारण ही दोन रूपं एकाच जीवाची आहेत हे कळायलाच कधीकधी शंभर वर्षं लागायची. डीएनए आल्यावर ते कारणच उरलं नाही.

ट्रायकोडर्माचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू, कपडे, सुती असेल ते सगळं कुजत होतं, तिथून क्यूएम६ए नावाचा स्ट्रेन वेगळा केला. तीच ट्रायकोडर्मा रीसेई, आज जगभर सेल्युलेज (सुताचा धागा ज्याचा असतो ते सेल्युलोज तोडणारं) एन्झाइम तिच्यापासून निघतं, जीन्स "स्टोनवॉश" करायला सुद्धा. नव्वदच्या दशकात कळलं की तिचं लैंगिक रूप म्हणजे हायपोक्रिया जेकोरिना. जुन्या नियमानं सगळ्यांनी जेकोरिना लिहायला हवं होतं, काहींनी लिहिलंही, पण कारखाने आणि पेटंटवाले रीसेईवरून हलले नाहीत. म्हणजे कित्येक वर्षं एकाच बुरशीवरचे पेपर दोन नावांखाली, एक शोधला की दुसरे निसटले. नवा नियम म्हणतो दोन्ही नावांना समान हक्क आणि साधारणपणे जे जुनं ते जिंकेल. ट्रायकोडर्मा १७९४चं, हायपोक्रिया १८२५चं, विषय संपला. वापरातलं नाव पाडणं फारच गैरसोयीचं असेल तर ते राखून ठेवायची सोयही आहे. २०१७च्या शेन्झेनच्या बैठकीनंतर तर बुरशीपुरते निर्णय बुरशीवाल्यांच्याच काँग्रेसकडे आले, आधी ते वनस्पतिवाल्यांच्या मांडवात व्हायचे, म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात आपल्या पत्रिका जुळवायच्या.

प्रश्न : देपालपूरला खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, वर्षानुवर्षं हेच. सोयाबीनच्या पत्रकात चारकोल रॉट, मॅक्रोफोमिना. हरभऱ्याच्या पत्रकात सुकी मूळकूज, रायझोक्टोनिया बटाटिकोला. दोन्हीकडे झाडं मरतायत. दोन रोग एकाच शेतात कसे लागतात?

लागत नाहीत. एकच आहे. आणि या टपालातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, तुम्ही दोन पत्रकं शेजारी ठेवून वाचलीत हेच मोठं काम केलंत.

मॅक्रोफोमिना फेजिओलिना आणि रायझोक्टोनिया बटाटिकोला ही एकाच बुरशीची दोन नावं. जमिनीत टिकून राहणाऱ्या बारीक काळ्या गोळ्यांच्या रूपावरून रायझोक्टोनिया पडलं, झाडावर बीजाणू देणाऱ्या रूपावरून मॅक्रोफोमिना. हरभऱ्यावर काम करणारे पहिलं वापरत आले, सोयाबीनवाले दुसरं, दोघांचे विभाग वेगळे, पत्रकं वेगळी. शेतकऱ्याला वाटणार की सोयाबीन काढून हरभरा टाकला म्हणजे पीक बदललं, रोगाची साखळी तुटली. कुठली तुटतेय, सोयाबीननं जमिनीत टाकलेल्या गोळ्या हरभऱ्याची मुळं आयत्या पकडतात, आणि मग उलट. मला नवा नियम आवडतो तो यासाठी, व्हायव्हाच्या मार्कांसाठी नाही.

स्वतः बघा. मरायला टेकलेलं सोयाबीनचं झाड उपटा, जमिनीलगतच्या खोडाची साल नखानं सोला. आत राखाडी रंग आणि त्यावर कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके, म्हणजे त्याच गोळ्या, दिसतील. हरभऱ्याचं मूळ उपटताना बारीक मुळं जमिनीतच राहतात, सोटमूळ कोरडं, वाकवलं की काडीसारखं कट्कन तुटतं, आणि आत तेच ठिपके. भिंग असेल तर उत्तम, मुलांच्या शाळेतलं चालतं. हरभरा मरतोय पण मूळ चिवट आहे आणि उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसतेय तर तो फ्युजेरियमचा मर रोग, हा नाही, त्याचे उपाय वेगळे.

या गोळ्या कोरड्या जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात, ओल्या जमिनीत लवकर मरतात. म्हणून उष्णता आणि पाण्याचा ताण आला की रोग भडकतो, सोयाबीनला पावसाचा खंड पडतो तेव्हा, हरभऱ्याला शेवटी ऊन चढतं तेव्हा. पाण्याची सोय असेल त्या तुकड्यात एखादं वर्ष हरभऱ्याऐवजी गहू घ्या, हरभऱ्याची पेरणी उशिरावर ढकलू नका, दोन्ही पिकांच्या बियाण्याला किलोला ५ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी बुरशी) चोळा. ज्वारी-मका लावून सुटका होईल असं समजू नका, ही बुरशी शेकडो झाडांवर जगते, ज्वारीवर तर जुनी ओळख आहे तिची.

प्रश्न : मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. मशीनची लायब्ररी अपडेट झाली आणि कँडिडा क्रुसेईच्या जागी रिपोर्टवर पिचिया कुद्रियावझेवी येऊ लागलं. डॉक्टरांचे फोन येतात, ही कुठली नवी बुरशी. काय करू?

रिपोर्टवर दोन्ही नावं लिहा, नवं आधी आणि लगेच "पूर्वीची कँडिडा क्रुसेई", हे वर्ष-दोन वर्षं तरी चालू ठेवा. इथे हौसेनं एकच नवं नाव छापणं मला बेजबाबदारपणा वाटतो. क्रुसेई वाचलं की डॉक्टरच्या डोक्यात एकच गोष्ट येते, फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध चालत नाही. पिचिया वाचून ती येईलच असं नाही, आणि रात्री दोन वाजता आयसीयूत कोण शोधत बसणार. कँडिडा ग्लाब्राटाचं नाकासेओमायसिस झालंय, कँडिडा ऑरिसला २०२४ मध्ये कँडिडोझायमा म्हणायला सुरुवात झाली, तिथेही तसंच करा.

गंमत म्हणजे पिचिया कुद्रियावझेवी हेच नाव पदार्थ आंबवणारे लोक आधीपासून आणि प्रेमानं वापरत होते. २०१८ मध्ये जीनोम ताडून बघितले तर त्यांचं यीस्ट आणि दवाखान्यातलं क्रुसेई एकच प्रजाती निघाली. दोन नावं होती तोवर एका खोलीतला माणूस जिला खायला घालत होता तिलाच दुसऱ्या खोलीतला मारत होता. आता निदान दोघांनी एकमेकांचे पेपर वाचावेत.

प्रश्न : काका, महूला घरी धिंगरी मशरूम करते. स्पॉनच्या (मशरूमच्या बियाण्याच्या) पिशवीवर प्लुरोटस साजोर-काजू लिहिलंय, एका ट्रेनिंगमध्ये सांगितलं की ते नावच चुकीचं आहे. स्पॉन परत करू का?

नको गं. भारतात साजोर-काजू म्हणून जी धिंगरी वाढवतात ती बहुतेक प्लुरोटस पुल्मोनॅरियस असते, खरी साजोर-काजू ही लेंटिनस गटातली वेगळीच बुरशी. इथे नियम बदलला म्हणून काही झालेलं नाही, ओळखच पहिल्यापासून चुकली होती. तुझ्या भुशाच्या पिशव्यांना काही फरक पडत नाही. फक्त नवं स्पॉन मागवताना त्याच पुरवठादाराकडून, त्याच स्ट्रेन नंबरचं माग आणि तो नंबर वहीत लिहून ठेव, म्हणजे एखादी बॅच फसली तर स्पॉन बदललं होतं की खोली तापली होती हे तरी कळेल.