विमान कंपन्या एक झाल्या, आता तिकिटाचं काय?

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्या अनुषंगानं वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : कामासाठी मुंबई–दिल्ली सतत करावं लागतं. विस्तारा गेल्यापासून तिकीट महागलं असं वाटतं. खरंच तसं आहे, की नुसता समज? (ठाणे)

उत्तर : समज नसावा, पण सगळं खापर विलीनीकरणावर फोडू नका. इकॉनॉमीतली आसनं कंपनी अनेक भाडेगटांत वाटते. स्वस्त गट विकून संपला की पुढचा महाग गट उघडतो. समोर तगडा स्पर्धक असेल तर स्वस्त गटात जास्त आसनं ठेवावी लागतात. तो नाहीसा झाला की भाड्याच्या तक्त्याला हातही लावावा लागत नाही, स्वस्त गटातली आसनं कमी केली की काम झालं. म्हणून ‘आमचं किमान भाडं तेवढंच आहे’ हे कंपनीचं म्हणणं खरं असतं आणि तुम्ही जास्त पैसे मोजता हेही खरं असतं.

पडताळून पाहायचं तर तोच वार, तीच वेळ आणि प्रवासाआधी तेवढेच दिवस, समजा २१, असं धरून भाडं पाहा. दिवाळीच्या भाड्याशी जुलैच्या भाड्याची तुलना करण्यात अर्थ नाही.

तुमच्या मार्गावर इकॉनॉमीला इंडिगो आहे, अकासा आहे. खरी पोकळी पडली ती बिझनेस वर्गात, कारण तिथं एअर इंडिया आणि विस्तारा याच दोघी समोरासमोर होत्या. ती इंडिगोनं लगेच हेरली आणि १४ नोव्हेंबर २०२४ पासून याच मार्गावर ‘स्ट्रेच’ नावाची बिझनेस आसनं सुरू केली. मुंबई–दिल्लीला गिऱ्हाईक भरपूर, म्हणून तिसरा येतो. कमी गर्दीच्या मार्गावर तो येत नाही, आणि विलीनीकरणाची झळ तिथंच बसते.

प्रश्न : दोन्ही कंपन्या टाटांच्याच होत्या. मग स्पर्धा आयोगानं तपासलं तरी काय? (पुणे)

उत्तर : विस्तारात टाटांचा वाटा ५१ टक्के आणि सिंगापूर एअरलाइन्सचा ४९ टक्के होता. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे आली, तेव्हाच या दोघींमधली चुरस मंदावणार हे उघड होतं. विलीनीकरणानं जी नवी गोष्ट घडली ती अशी, की सिंगापूर एअरलाइन्सला एअर इंडियात २५.१ टक्के हिस्सा मिळाला. भारत–सिंगापूर मार्गावरचे जुने प्रतिस्पर्धी आता भागीदार झाले.

आयोग असं प्रकरण मार्गनिहाय पाहतो, कारण पुणेकराला दिल्लीला जायचं असेल तर चेन्नईचं स्वस्त तिकीट त्याच्या कामाचं नाही. एखादा मार्ग किती थोड्या कंपन्यांच्या हातात आहे, हे मोजण्याची रीत सोपी आहे. त्या मार्गावरच्या प्रत्येक कंपनीच्या वाट्याच्या टक्केवारीचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. एखाद्या मार्गावर वाटे ५०, २५ आणि २५ असतील, तर २,५०० + ६२५ + ६२५ म्हणजे ३,७५०. लहान दोघी एक झाल्या की २,५०० + २,५०० म्हणजे ५,०००. आकडा १०,००० झाला की पूर्ण मक्तेदारी. मात्र हा आकडा म्हणजे निकाल नव्हे. नवी कंपनी त्या मार्गावर सहज येऊ शकते का, हेही पाहिलं जातं.

आयोगानं सप्टेंबर २०२३ मध्ये, कंपन्यांनी दिलेल्या हमीच्या अटींवर मंजुरी दिली. सिंगापूरच्या नियामकानं मार्च २०२४ मध्ये मान्यता देताना सिंगापूरहून दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि तिरुचिरापल्ली या चार मार्गांवर कोविडपूर्व काळाइतकी आसनक्षमता ठेवण्याची हमी घेतली.

आमच्या मते ही हमी अर्धीच आहे. आसनं किती, हे तिनं बांधलं जातं. ती कितीला विकायची, हे नाही. त्याहून धारदार उपाय म्हणजे स्लॉट, म्हणजे विमान उतरण्या-उडण्याच्या राखीव वेळा, काढून घेणं. अमेरिकन एअरलाइन्स आणि यूएस एअरवेज २०१३ मध्ये एक झाल्या, तेव्हा अमेरिकी सरकारनं त्यांना वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावरच्या स्लॉटच्या ५२ जोड्या आणि न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावरच्या १७ जोड्या सोडायला लावल्या. मुंबईत सकाळ-संध्याकाळचा स्लॉट मिळणं महाकठीण, त्यामुळे तिथं नव्या कंपनीला पाय रोवायला जागा नव्हती. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. तेव्हा कुठं ही कोंडी थोडी सैल व्हायला लागली आहे.

प्रश्न : वेळापत्रकं एकत्र होताना विमानाचा क्रमांक आणि वेळ बदलते. वाटेत विमान बदलायचं असताना पुढचं चुकलं तर? (नागपूर)

उत्तर : विस्ताराची विमानं एअर इंडियात आली तेव्हा ‘यूके’ जाऊन ‘एआय’ आलं आणि क्रमांकापुढे २ लागला. यूके ९५५ झालं एआय २९५५. क्रमांक बदलल्यानं हक्क जात नाही. धोका आहे तो वेळ बदलण्यात.

आधी पाहा, दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का. असतील तर पुढच्या विमानाची सोय करणं कंपनीचं काम. पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या विमानाच्या कंपनीला देणंघेणं नाही. अशा वेळी मध्ये किमान चार तास ठेवा. मुंबईत टर्मिनल बदलायचं असेल तर त्याहून जास्त. आणि विमानतळाचा संकेत वाचा : बीओएम म्हणजे सांताक्रूझ-सहारची जुनी मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. गोव्यात जीओआय दाभोळी, जीओएक्स मोपा. ही गल्लत टॅक्सीत बसल्यावर लक्षात येऊन उपयोग नसतो.

विमान रद्द झालं तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असा : कंपनीनं २४ तासांपेक्षा आधी कळवलं, तर तुम्हाला मान्य होईल तसं पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा. त्याहून उशिरा कळवलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर वर भरपाई. उड्डाणाचा कालावधी एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यापुढे १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार. यातलं जे कमी असेल ते मिळतं. मूळ भाडं आणि अधिभार मिळून ३,२०० होत असतील तर ३,२००च हाती येतील.

बहुतेकांचा घोळ संपर्क क्रमांकात होतो. एजंटनं बुकिंगमध्ये स्वतःचाच मोबाइल घातला, की बदलाचा निरोप त्याला जातो, आणि प्रवाशानं पुरेसा संपर्क दिला नाही म्हणून भरपाईही नाकारता येते. तिकीट हातात येताच कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून आपला नंबर आणि ईमेल तपासा. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. दाद लागली नाही तर एअरसेवा पोर्टल, मग १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन.

प्रश्न : विलीन होण्याऐवजी कंपनी बंदच पडली तर? (सांगली)

उत्तर : ते फार वाईट. विलीनीकरणात विकलेल्या तिकिटांची जबाबदारी नव्या कंपनीकडे जाते. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. तेव्हा प्रवासी कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत उभे राहिले, बँकांच्या बरेच मागे. डळमळीत कंपनीचं तिकीट क्रेडिट कार्डानं काढा. सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे व्यवहार उलटवण्याची मागणी करता येते. तिला मुदत असते, म्हणून कंपनीच्या आश्वासनांवर महिने घालवू नका.

प्रश्न : अमेरिकेत न्यायालयानं जेटब्लू–स्पिरिट विलीनीकरण रोखलं आणि स्पिरिट दिवाळखोरीत गेली. मग रोखून काय साधलं? (न्यू जर्सी)

उत्तर : प्रश्न अवघड आहे आणि त्यावर जाणकारांतही एकमत नाही. ३८० कोटी डॉलरचा तो सौदा १६ जानेवारी २०२४ ला बोस्टनच्या न्यायालयानं अडवला. जेटब्लू स्पिरिटच्या विमानांतली आसनं कमी करून भाडी वाढवणार होती, म्हणजे सर्वांत स्वस्त पर्यायच बाजारातून जाणार होता. स्पिरिटनं नोव्हेंबर २०२४ आणि ऑगस्ट २०२५ असं दोनदा दिवाळखोरी संरक्षण मागितलं हेही खरं. पण स्पिरिट असायची तिथं इतर कंपन्याही भाडी खाली ठेवायच्या, आणि तो फायदा स्पिरिटमध्ये कधी न बसलेल्यालाही मिळायचा. स्पिरिटच्या ताळेबंदात तो दिसत नाही. अलास्का–हवाईयन सौदा मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये पार पडला. सरकारनं तिथं प्रवाशांच्या जमा माइल्सचं, म्हणजे प्रवासावर मिळालेल्या बक्षीस गुणांचं, मोल राखण्याची आणि हवाई बेटांमधली सेवा चालू ठेवण्याची अट घातली.

प्रश्न : सरकार भाड्याला कायमची कमाल मर्यादा का घालत नाही? (रत्नागिरी)

उत्तर : आणीबाणीत घालतं. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० आणि १,५०० किलोमीटरपुढे १८,००० रुपये अशी मर्यादा आली होती. देशातले दहापैकी सहाहून जास्त प्रवासी एकाच कंपनीवर अवलंबून असले, की तिचं वेळापत्रक कोसळल्यावर बाकीच्यांकडे तेवढी आसनंच नसतात. भाडं बांधून आसनं तयार होत नाहीत. शिवाय मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात कमाल मर्यादेसोबत किमान मर्यादाही होती, आणि त्या काळात किमानपेक्षा स्वस्त तिकीट विकणंच नियमाबाहेर होतं.